तीन ठिपक्यांचा हब

मी, पत्रे ठोकून सरळ करणारा, वय वर्षे शहात्तर, ज्याला या बाजारपेठेत लहानथोर सगळे 'घण' म्हणून ओळखतात, हे मृत्युपत्र आज राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी काल मला तासभर वाजवून पाहिले आणि डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. हृदयाबद्दल त्यांनी दाखला दिला नाही, म्हणून ही घाई. मी हे कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालू शकणारी एकच बाई होती, माझी आई, आणि ती जाऊन चाळीस वर्षे झाली. यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे केली होती आणि तिन्ही भांडणानंतर त्याच दिवशी केली होती. ती रद्द समजावीत.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, थोडक्यात आटपा. कोर्टाला गोष्टी नको असतात." मी म्हटले, बाई, गोष्ट काढून घेतली तर माझ्या मालमत्तेला भंगाराचा भाव येईल. त्यांनी कपाळाला हात लावला आणि आणखी कागद मागवले.

कलम १. आधी मुद्द्याचे. एकतीस वर्षांपूर्वी मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा डावा डोळा तांब्याच्या हातोडीने फोडला. त्याने पोलीस चौकीत लिहून दिले की ग्राइंडरचा दगड फुटून तुकडा डोळ्यात गेला. चौकीने ते मानले, गल्लीने मानले, आणि पाचसात वर्षे गेल्यावर कधीकधी मीही मानू लागलो. ते खोटे आहे. त्या दिवसापासून धाकटा माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मी चार पत्रे पाठवली, चारही न फोडता परत आली. जिवंतपणी पाठवलेले त्याने घेतले नाही, निदान मेल्यावर पाठवलेले तरी घ्यावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. काय आणि का, ते पुढे येईलच.

कलम २. राहते घर, त्याला लागून असलेली शेड, आणि बँकेत जे काही उरले असेल ते, माझ्या एकुलत्या मुलीला मिळावे. फार उरलेले नाही, संग्रहाने खाल्ले. मुलगी परिचारिका आहे. माझे मोडलेले नाक तिने दोनदा बसवले आणि दोन्ही वेळा विचारले, "बाबा, कोणाशी?" कशासाठी, हे कधी विचारले नाही, कारण ते तिला ठाऊक असायचे. ती दर पंधरवड्याला काकाकडे जाते आणि मला सांगते की मैत्रिणीकडे जाते. मला हे पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. घराचे छप्पर डाव्या कोपऱ्यात गळते, त्याला डांबर लावू नये, पत्राच बदलावा.

कलम ३. शेडमधील ऐरण, सर्व हातोड्या, कातऱ्या आणि पत्रा वळवायचे यंत्र शेजारच्या वेल्डरला द्यावे. त्याचा पुढचा दात मी बारा वर्षांपूर्वी पाडला होता, कारण तो माझ्या दारात दुसऱ्यांच्या गाड्या लावायचा. हत्यारे म्हणजे दाताची भरपाई असे त्याने समजू नये. दाताबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. हत्यारे त्याला अशासाठी, की या रस्त्यावर ती नीट धरता येणारा दुसरा माणूस नाही.

कलम ४. आता संग्रह. शेडच्या मागच्या खोलीत काचेची नऊ कपाटे आहेत. मोटारींच्या शर्यती नुकत्याच सुरू झाल्या होत्या त्या काळातल्या वस्तू त्यांत आहेत: कातडी टोप्या, चष्मे, पंचांच्या दंडावरच्या लाल पट्ट्या, वेळ मोजायची घड्याळे, छापील कार्यक्रमपत्रिका, मुलाम्याच्या ढाली, फाटक्या टायरचे तुकडे. लांबलांबून माणसे पाहायला येतात आणि म्हणतात, काय छंद आहे! छंद नाही. तो एका गुन्ह्याचा मुद्देमाल होता. निदान मी तो तसा गोळा केला.

त्या काळी शर्यतीच्या गाडीत दोघे बसत. एक चालवणारा आणि दुसरा त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला मेकॅनिक. मेकॅनिकने हाताने तेलाचा पंप मारायचा, मागून कोण येते ते पाहायचे, टायर फाटला की उडी टाकून तो बदलायचा. गाडी उलटली तर आधी तो मरायचा, कारण त्याच्यापुढे धरायला स्टिअरिंगसुद्धा नसायचे. माझे बाबा असे मेकॅनिक होते.

टेकडीच्या शर्यतीत, सातव्या फेरीत, उताराच्या वळणावर नऊ नंबरच्या गाडीचे पुढचे डावे चाक निखळले. ते प्रेक्षकांपुढच्या दोरीवरून उडून गर्दीत शिरले आणि त्याने चार माणसे मारली, त्यात एक घड्याळजी होता आणि एक बाई होती जिचे पुढच्या आठवड्यात लग्न होते. गाडी तीन कोलांट्या खाऊन दगडी कठड्यावर आपटली. कठडा आणि गाडी यांच्यामध्ये बाबा होते. त्यांना काढायला पहार लागली. मी तीन वर्षांचा, आईच्या कडेवर, तिथून वीस पावलांवर. धाकटा आईच्या पोटात. मी ते सगळे पाहिले असे मी जन्मभर सांगत आलो, पण मला आठवतो तो फक्त आवाज. पत्रा फाटताना ओरडतो तो. पुढे मी पत्र्याचाच धंदा धरला, यात माझ्या मुलीला फार खोल अर्थ दिसतो. मला दिसत नाही. मला दुसरे काही येत नव्हते.

चालवणारा वाचला. पेटलेल्या गाडीतून तो सरपटत बाहेर आला, तेव्हा लोकांनी त्याला धरले आणि काठ्या, बूट, खुर्च्यांचे पाय, जे हाताला लागेल त्याने हाणले. त्याचा गुडघा गाडीत मोडला नाही, त्या मारात मोडला. चौकशी समितीपुढे त्याला स्ट्रेचरवरून नेले. तिथे तो एवढेच म्हणाला, "वळणावर माझं चाक दगडाला घासलं. चूक माझी." त्यानंतर त्याने शर्यतीच्या गाडीला हात लावला नाही. बाजारात सायकलचे दुकान टाकले. सगळे त्याला लंगडा म्हणत, मीही म्हणत आलो, या कागदात म्हणणार नाही.

चूक चालवणाऱ्याची ठरली म्हणून शर्यतीच्या मंडळाने आईला महिन्याचे वेतन लावून दिले. मेकॅनिकची ठरली असती तर दमडी मिळाली नसती. हे वाक्य मी दोनदा लिहा म्हणत होतो, वकीलबाई म्हणाल्या एकदा पुरे. त्या वेतनावर आम्ही दोघे भाऊ वाढलो. आई जेवण वाढताना म्हणायची, "तुमच्या बापाला त्याने मारलं. त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय." धाकटा मुकाट जेवायचा. मी जेवता जेवता मुठी वळायचो.

सतराव्या वर्षी मी त्या सायकलच्या दुकानाची काच फोडली. पुढे दर वर्षी शर्यतीच्या तारखेला फोडायचो, दिवसाढवळ्या, तोंड न झाकता. तो दर वर्षी नवी बसवायचा आणि चौकीत कधी जायचा नाही. मला वाटायचे, चोराच्या मनात चांदणे. तेविसाव्या वर्षी मी त्याला भर बाजारात, त्याच्या लहान मुलासमोर, खाली पाडला. त्याने चाचपडत टोपी शोधली, डोक्यावर ठेवली आणि मला विचारले, "आई बरी आहे का?" मी त्याला एक लाथ घातली. ती बरगडीत बसली, आवाज झाला. त्याचा मुलगा रडत नव्हता, नुसता माझ्याकडे पाहत होता.

मारून मन भरेना, तेव्हा मी पुरावे जमवू लागलो. पहिली वस्तू म्हणजे नऊ आकड्याची मिन्याची पाटी, आगीने कडा फुगलेली. भंगारवाल्याच्या अंगणात त्या पाटीवर माझा आणि आणखी एका संग्राहकाचा हात एकाच वेळी पडला. त्याचे बोट मोडले, पाटी माझ्याकडे आली. दुसरी वस्तू म्हणजे बाबांचा चष्मा, एक काच शाबूत. ती रुग्णालयातल्या झाडूवाल्याच्या विधवेने मला फुकट दिली आणि वर चहा पाजला. मला एवढे अवघडल्यासारखे कुठे झाले नाही. त्या दिवशी शर्यतीचे फोटो काढणारा फोटोग्राफर निगेटिव्हच्या बारा काचेच्या पट्ट्या विकायला तयार नव्हता. मी त्याला त्याच्या अंधाऱ्या खोलीतून गळपट्टी धरून बाहेर ओढला, त्या झटापटीत एक पट्टी फुटली, म्हणून अकरा आहेत. एका लिलावात पंचांचे वेळ मोजायचे घड्याळ एक सुटाबुटातला गृहस्थ चढ्या बोलीने नेत होता. मी त्याला दाराबाहेर गाठून डोक्याने ठोकर मारली. त्याचे काही झाले नाही, माझेच नाक मोडले, आणि त्याने हसत हसत घड्याळ मला दिले. म्हणाला, "इतकं हवं असेल तर घेऊन जा बाबा."

एक गोष्ट कबूल करतो. पुरावे गोळा करता करता मला त्या वस्तूंचा लळा लागला. तेलाने काळी पडलेली टोपी हातात घेतली की ती ज्याच्या डोक्यावर होती त्याचा घाम अजून येतो की काय असे वाटायचे. ज्यांचा आमच्या शर्यतीशी संबंध नाही अशाही वस्तू मी आणू लागलो. हे मी आईपासून लपवले. तिला फक्त नऊ नंबरच्या गाडीच्या वस्तू दाखवायचो.

कलम ५. हे कलम हबचे. वकीलबाईंनी विचारले, हब म्हणजे काय? चाक ज्याच्यावर बसते तो मधला लोखंडी भाग. त्या गाड्यांना चाकाच्या मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट असे. तांब्याच्या हातोडीने त्या कानांवर ठोकून तो कसायचा. डाव्या बाजूच्या हबला सरळ आटे, उजव्या बाजूच्या हबला उलटे आटे. असे का, तर गाडी धावते तसा नट आपोआप कसला जातो. दोन हबांची अदलाबदल झाली तर नट ठोकून बसवताना काहीच कळत नाही. गाडी निघते, पळते, आणि पळता पळता नट सुटत जातो. चाकांच्या कामातला शिकाऊसुद्धा ही चूक करत नाही. दोन दिवस न झोपलेला उस्ताद करतो.

आणखी एक रीत सांगायला हवी. त्या काळचे मेकॅनिक काम पुरे झाले की त्या भागावर टोकदार छिन्नीने आपली खूण ठोकत. कोणी एक रेघ, कोणी फुली. माझ्या बाबांची खूण म्हणजे त्रिकोणात तीन ठिपके. आमच्या घरातल्या त्यांच्या पान्यांवर, कातरीवर, आईच्या तव्याच्या दांड्यावरसुद्धा ते तीन ठिपके होते. खूण मारली म्हणजे मेकॅनिकने जबान दिली.

तो चालवणारा म्हातारा होऊन मेला. महिन्याभरात त्याच्या मुलाने दुकान रिकामे केले आणि भंगारवाला एक लाकडी खोके घेऊन माझ्याकडे आला. "घण, माळ्यावर सापडलं. यात तुझ्या जातकुळीचं काहीतरी आहे." तेलकट कागदात गुंडाळलेला हब होता, सुटलेल्या नटासकट, आणि त्याला स्टिअरिंगचा वाकडा दांडा अजून चिकटलेला. तेव्हा शेड आम्ही दोघे भाऊ मिळून चालवत होतो. मी म्हटले, सापडला! दगडाला घासल्याची खूण आता जगाला दाखवतो. हब धाकट्याने रॉकेलमध्ये धुतला. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर वर्दळ होती.

तो म्हणाला, "दादा, हा डाव्या चाकाचा ना?"

"दांडा दिसत नाही का तुला? डाव्याचाच."

"मग याला उलटे आटे कसे?"

त्याने नट दोन फेरे फिरवून दाखवला.

"उजव्याचा हब डाव्याला बसलाय. दगडाचा, वळणाचा काही संबंध नाही. पहिल्या फेरीपासून चाक सुटत होतं."

"त्यानेच बसवला असणार. मुद्दाम."

धाकट्याने चिंधीने हबची कड पुसली आणि माझ्यापुढे धरली. तीन ठिपके, त्रिकोणात.

"बाबांनी बसवलाय, दादा. आणि त्या माणसाला ते माहीत होतं. आईचं वेतन बुडू नये म्हणून त्याने चूक अंगावर घेतली. बेचाळीस वर्षं हे माळ्यावर ठेवलं आणि तू फोडलेल्या काचा भरत बसला."

"पुन्हा बोल," मी म्हणालो.

तो पुन्हा बोलला. लहानपणापासून असाच आहे, खरे असले की दोनदा सांगतो. हातोडी माझ्या हातात होती. तांबे मऊ, नटाचे कान मोडू नयेत म्हणून ती वापरतात. मी ती आडवी फिरवली. तो पडला तो ऐरणीच्या पायाशी, आणि रॉकेलचे घमेले त्याच्या अंगावर उलटले. रक्त आणि रॉकेल एकत्र वाहत दारापर्यंत गेले. त्याने आरडाओरडा केला नाही. "दादा, दिसत नाहीये," एवढेच तो म्हणत राहिला. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती, मी शुद्धीवर नव्हतो, असे मी येथे नमूद करतो.

त्याला रुग्णालयात पोचवून मी परत आलो. शेडचे दार आतून लावले, हब व्हाइसच्या शिकंज्यात धरला आणि कानशीने तिन्ही ठिपके घासून काढले. तिकडे डॉक्टर त्याचा डोळा काढत होते आणि इकडे मी कानस चालवत होतो. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मात्र मी पुरता शुद्धीवर होतो. पुढच्या रविवारी हब काचेच्या कपाटात ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: 'नऊ नंबरच्या गाडीचा हब. चालवणाऱ्याच्या चुकीने पाच बळी.' त्या चिठ्ठीसकट त्याचा फोटो तीन पुस्तकांत छापून आला आहे.

ठिपके गेले, आटे गेले नाहीत. जाणत्या माणसाने नट नुसता फिरवून पाहिला तरी त्याला कळेल. म्हणून एकतीस वर्षे मी तो हब कोणाला हाती धरू दिला नाही. एका प्राध्यापकाने कपाटाच्या कडीला हात लावला तर मी त्याचा हात पिरगळला. लोक म्हणाले, म्हातारा वस्तूंना फार जपतो.

कलम ६. त्या चालवणाऱ्याचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला आहे. गेली अनेक वर्षे तो मला लिहीत आला आहे की चिठ्ठीतले वडिलांबद्दलचे शब्द तेवढे काढा, बाकी काही मागणे नाही. पाच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात त्याने हेच तोंडावर म्हटले. लोकांदेखत मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मला माहीत होते की त्याचे बरोबर आहे, म्हणून जरा जास्तच जोराने मारला. त्याच्या वडिलांची कातडी टोपी आणि हातमोजे त्याला द्यावेत, आणि हे कलम पाच जसेच्या तसे त्याला वाचून दाखवावे. त्याला हवे तर त्याने ते छापावे. आई हयात असती तर मी हे लिहिले नसते. तेवढा भित्रा मी आहे.

कलम ७. उरलेला सर्व संग्रह, नऊही कपाटे आणि तो हब, माझ्या धाकट्या भावाला मिळावा. अट काही नाही. त्याने विकावा, वाटावा, नदीत टाकावा. तो त्या दिवशी खरे बोलला होता आणि त्याचे बक्षीस त्याला मी काय दिले ते वर आले आहे. मला तो हवा आहे. आम्ही दोघे एका ताटात जेवत होतो. शेडमध्ये त्याचे स्टूल अजून त्याच जागी आहे, मुलीने दोनदा हलवले, मी दोनदा परत ठेवले.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण करू नये. केल्यास वेल्डरने त्यांना बाहेर काढावे.

येथे मृत्युपत्र संपत होते. टाइप होऊन आले आणि सह्या उद्या करायच्या असे ठरले. तेवढ्यात माझ्या मुलीने त्याची एक प्रत न विचारता काकाकडे नेली आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवली. त्यामुळे पुढील मजकूर जोडावा लागत आहे.

काल मंगळवारी दुपारी धाकटा शेडमध्ये आला. हातात काठी, मागे माझी मुलगी. वकीलबाई कागद घेऊन बसलेल्याच होत्या. एकतीस वर्षांत तो इतका म्हातारा झालेला आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी उभा राहिलो. तो सरळ मागच्या खोलीत गेला आणि कपाटांपुढे थांबला.

"डोळ्याचा मोबदला देतोस का?"

"तसं नाही रे."

"मग कसं? नऊ कपाटं भरून खोटं साठवलंस. आणि आता ते मी झाडत बसू?"

त्याने काठी उचलली आणि हबच्या कपाटावर हाणली. काच जाड होती, तिसऱ्या फटक्याला फुटली. मग त्याने शेजारचे कपाटही फोडले. पंचांचे घड्याळ खाली पडले, फळ्या निखळल्या, चिठ्ठ्या उडाल्या. माझे हात शिवशिवले, सवयच आहे त्यांना. मी ते पाठीमागे धरून उभा राहिलो. मुलगी म्हणाली, "काका, हात कापेल." दोन कपाटांत तो दमला, आणि येऊन आपल्या स्टुलावर बसला. कलम चार आणि सातमधील नऊ कपाटे आता सात समजावीत.

"पाणी दे," तो म्हणाला. मुलगी वळली, तर तो म्हणाला, "तू नको. त्याला दे म्हणतोय."

मी पाणी आणून दिले. त्याने ते सगळे प्यायले. मग काचांतून हब उचलून मांडीवर घेतला आणि अंगठ्याने कड चाचपली.

"बारीक कानस वापरलीस."

"हो."

"छान गुळगुळीत केलंस. बाबा असते तर म्हणाले असते, पोराचा हात बसला."

मला हसू आले, आणि लगेच रडू आले, आणि दोन्ही मला शोभले नाही. माझ्या भावाने बाबांना पाहिलेलेसुद्धा नाही.

त्याने वकीलबाईंना विचारले, "साक्षीदार कोण कोण आहेत?"

"डॉक्टर आणि माझ्या ऑफिसातले कारकून."

"कारकुनाला खोडा. मी सही करतो."

वकीलबाई घाईने म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर हा सगळा संग्रह तुमच्या हातून जाईल. नीट विचार करा."

"जातो ना? मग सहीच करतो."

मी म्हटले, "अरे, निदान हब तरी ठेव."

"तो ज्याच्या माळ्यावर होता त्याच्या घरी जाऊ दे. मला काही नको तुझं, दादा. चौकीत माझ्या सहीचा एक कागद आहे, तुला वाचवायला दिलेला. एकतीस वर्षं तो मला टोचतोय. त्याच्या शेजारी ठेवायला मला दुसरा कागद हवा." मग तो म्हणाला, "आणि त्या पोराच्या घरी तू स्वतः जायचं. कागद पाठवायचा नाही. मेल्यावर तर नाहीच नाही."

सबब कलम सात रद्द. सर्व संग्रह, हबसह, त्या चालवणाऱ्याच्या मुलाला मिळावा. सर्व चिठ्ठ्या मी आज सकाळी स्वतः जाळल्या. आज सह्या झाल्या की मी त्याच्या घरी जाणार आहे. त्याने दार उघडले तर कलम पाच मीच वाचून दाखवीन. त्याने मारले तर मार खाईन, हात उचलणार नाही. तेवढे जमेल असे वाटते. धाकट्याने बरोबर यावे असे मी म्हटले, तो म्हणाला बघू.

वकीलबाई म्हणतात साक्षीदाराने फक्त सही करायची असते. धाकट्याला चार ओळी लिहायच्या आहेत, आणि माझी सही आधी व्हायला हवी, तेव्हा तो काय लिहितो ते न पाहता मी सही करत आहे. तो जे लिहील ते मला मान्य आहे.

स्थळ: माझी शेड, कामाचे टेबल
दिनांक: २२ मार्च १९९५, सकाळी अकरा

लिहून ठेवणार: घण
(सही)

साक्षीदार पहिला: मी या इसमावर बावीस वर्षे उपचार करीत आलो आहे. त्याने माझ्यासमोर सही केली. त्याची बुद्धी शाबूत आहे.
डॉक्टर
(सही)

साक्षीदार दुसरा: मी याचा धाकटा भाऊ. माझा डोळा ग्राइंडरने गेला असे मी चौकीत लिहून दिले होते, ते खोटे होते. हातोडी याने मारली. आज माझ्यासमोर सही करताना हा पूर्ण शुद्धीवर होता. त्या दिवशी मारतानाही होता, मी त्याच्या डोळ्यांत पाहत होतो. ती एक ओळ सोडून वरचे सगळे खरे आहे. याच्याबरोबर मी जात आहे.
(सही)